आदल्या रात्री लावून ठेवायचा अंड्याचा कॅसरोल : गावच्या घरासाठी कृती

घरात पाहुणे उतरले असले की सकाळी नऊ ते अकरा या वेळात स्वयंपाकघराची खरी ओढाताण होते. चहा झालेला असतो, जेवणाला अवकाश असतो आणि रात्री उशिरा पोहोचलेली मंडळी एकामागून एक उठून न्याहारीची वाट पाहत असतात. पोहे किंवा उपमा दहा माणसांना एकाच वेळी गरम वाढता येतो, ऑम्लेटचे तसे नाही. ते तव्यावर एकेक करूनच काढावे लागते, त्यामुळे पहिल्याची ताटली रिकामी होते तेव्हा शेवटच्याची अंडी फोडायची बाकी असतात, आणि करणारी व्यक्ती सगळ्यांच्या मागून, बहुधा उभ्यानेच, खाते. अंड्याचा कॅसरोल हा या अडचणीवरचा चांगला उपाय आहे. वाळवलेल्या पावाचे तुकडे, शिजवलेल्या भाज्या आणि चीज यांचे थर एका खोलगट भांड्यात लावायचे, त्यावर दूध घालून फेटलेली अंडी ओतायची, पावाने ते मिश्रण शोषून घेईपर्यंत थांबायचे आणि मग ते भांडे कोरड्या, मध्यम आचेत भाजायचे, एवढीच त्याची रीत आहे. कष्टाचे बहुतेक काम आदल्या संध्याकाळी उरकता येते.

या पदार्थाच्या बहुतेक कृती अशा घरांसाठी लिहिलेल्या असतात, जिथे फ्रिज रात्रभर न थांबता चालतो आणि ओव्हन ओट्याचाच एक भाग असतो. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या गावात या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून आदल्या रात्री किती तयारी करावी हे प्रत्येक घराने आपल्या फ्रिजकडे पाहून ठरवावे, कृतीचा उरलेला भाग त्यानुसार बदलतो. बेत आखण्यापूर्वी दिनदर्शिकाही पाहून घ्यावी. पाहुण्यांपैकी कोणाचा सोमवार, गुरुवार किंवा शनिवार असतो, कोणाची चतुर्थी असते, आणि श्रावणात तर अनेक घरांत अंडे येतच नाही. ज्या घरात मुख्य चुलीवर अंडे चालत नाही, तिथे अंगणातल्या चुलीवर हा पदार्थ उत्तम होतो. त्याची रीत पुढे दिली आहे.

फ्रिजची परीक्षा

कच्ची अंडी आणि दूध यांचे मिश्रण जंतूंना फार मानवते. ४ ते ६० अंश सेल्सिअस हा अन्नासाठी धोक्याचा टप्पा मानला जातो, आणि अंड्याचे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक, तर हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासाहून अधिक ठेवू नयेत, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. नागपूर-चंद्रपूरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा नियम किती कडकपणे पाळावा लागेल हे वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात मात्र फसगत होण्याचा संभव अधिक असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, ओसरीतली फरशी पायाला गार लागते, आणि भांडे रात्रभर तिथेच झाकून ठेवले तरी चालेल असे वाटते. पण दहा अंश म्हणजे चार अंश नव्हेत. ओल्या पोत्याखाली किंवा माठाजवळ ठेवण्याची युक्ती भाजीपाल्याला उपयोगी पडते, या मिश्रणाला ती पुरत नाही.

वीज गेल्यानंतर दार न उघडल्यास फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. तेव्हा आपल्याकडे रात्री वीज जात असेल, तर किती वेळ जाते हे आधी दोन-तीन रात्री लक्षात घ्यावे. तासा-दोन तासांचा खोळंबा असेल आणि कोणी दार उघडत नसेल, तर संपूर्ण कॅसरोल रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. वीज चार तासांहून अधिक वेळ जात असेल, किंवा सकाळी फ्रिजमधले दूध नेहमीसारखे गार लागत नसेल, तर अंडी आणि दूध एकत्र करण्याचे काम सकाळवर ठेवावे. अशा घरात आदल्या रात्री पाव वाळवून डब्यात भरावा, पालक निवडून धुऊन निथळत ठेवावा, तुरीचे सोले (शेंगांतले ओले दाणे) काढून ठेवावेत, मसाला कुटून ठेवावा आणि भांड्याला लोणी लावून ते झाकून ठेवावे. सकाळी भाजी परतायला पंधरा-वीस मिनिटे आणि अंडी फेटायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर पाऊण तास पाव भिजतो, आणि तेवढ्यात चहाची पहिली फेरी आटोपते. या पद्धतीत चव उणी पडत नाही. फक्त पाव अधिक कोरडा आणि तुकडे अधिक लहान असावे लागतात, आणि दूध कोमट वापरावे म्हणजे ते लवकर शोषले जाते. रात्री लावायच्या कॅसरोलमध्ये मात्र दूध पूर्ण गारच हवे.

तिसरा मार्ग कॅसरोल आदल्या दिवशी भाजून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवून सकाळी नुसता गरम करण्याचा आहे. तो सुरक्षित आहे, परंतु दुसऱ्यांदा तापल्यावर अंडे घट्ट होते आणि फुललेला मऊपणा जातो. सकाळी घरातले सगळेच लग्नाच्या वरातीला किंवा शेतावर निघणार असतील तरच त्याचा विचार करावा.

साहित्य आणि त्याचे प्रमाण

आठ जणांना पुरेल एवढ्या कॅसरोलसाठी साधारण २३ सेंटीमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल भांडे लागते. त्यात दहा अंडी, अर्धा लिटर दूध, ३०० ग्रॅम पाव, १५० ग्रॅम चीज आणि शिजवून उरलेली सुमारे ४०० ग्रॅम भाजी बसते. भाजीसाठी दोन मध्यम कांदे, पालकाची एक मोठी जुडी, वाटीभर तुरीचे सोले आणि एक ढोबळी मिरची घ्यावी. याशिवाय पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन-तीन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद, अर्धा चमचा जाडसर कुटलेली मिरी, मूठभर चिरलेला सांबार (म्हणजे कोथिंबीर), दोन मोठे चमचे तेल, भांड्याला लावायला लोणी आणि चवीपुरते मीठ हवे. ज्यांना तिखट आवडते त्यांनी भिवापुरी मिरचीचे तिखट अर्धा चमचा घालावे. हळद वायगावची असेल तर पाव चमच्यापेक्षाही कमी पुरे होते, कारण तिचा रंग गडद उतरतो.

अंड्यांच्या संख्येवर मात्र विसंबून राहू नये. पोल्ट्रीचे अंडे कवचासह सामान्यतः ५० ते ५५ ग्रॅम भरते, गावरान अंडे बरेचदा ३५ ते ४५ ग्रॅमच असते. दहा गावरान अंडी घेऊन अर्धा लिटर दूध ओतले तर कॅसरोल सैल होतो, कापताना पाणी सोडतो आणि दोष भाजणीवर येतो. सर्वांत सोपी युक्ती अशी की, दूध मोजण्याचे अर्ध्या लिटरचे माप घ्यावे, ते फोडलेल्या अंड्यांनी भरावे, आणि त्याच मापाने एक माप दूध घ्यावे. अंडी आणि दूध समसमान असले की मिश्रण हमखास बसते. गावरान अंडी वापरल्यास बारा-तेरा लागतील, रंग मात्र असा येतो की हळद घालण्याची गरज उरत नाही.

गावरान अंड्यांच्या कवचाला घाण लागलेली असते, ती फोडण्याच्या लगेच आधी धुऊन पुसावी. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर पाण्याने निघून जातो आणि मग जंतूंना आत शिरणे सोपे होते. अंडे ताजे आहे की नाही हे पाहायचे असेल तर पाण्याच्या गंजात (पातेल्यात) सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि तरंगणारे टाकून द्यावे, कारण दिवस जातात तशी आतली हवेची पोकळी मोठी होत जाते. खुडूक कोंबडीखालून आलेल्या अंड्यांचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे, पाहावे आणि मगच मापात ओतावे. एका खराब अंड्यापायी नऊ चांगली वाया घालवण्यात अर्थ नाही.

दूध घरचे असल्यास उकळून पूर्ण गार केलेले असावे. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे त्यात वेगळी मलई घालण्याची आवश्यकता नाही. गाईचे दूध असेल तर वरची साय त्यातच फेटून घ्यावी. गरम दूध अंड्यांवर ओतल्यास त्यांच्या गुठळ्या होतात.

तालुक्याच्या बाजारात चीजच्या ज्या वड्या मिळतात त्याच किसून वापराव्यात, त्या छान वितळतात. पनीर वितळत नाही आणि ताजे असेल तर पाणी सोडते. ते घालायचेच असेल तर दाबून, तव्यावर लालसर करून घालावे. मांसाहारी मंडळींसाठी कोंबडीचा खिमा आले-लसणात पूर्ण शिजवून, अगदी कोरडा करून, भाजीच्या निम्म्या प्रमाणात मिसळता येतो. कच्चा खिमा थरात घालणे मात्र धोक्याचे आहे, कारण अंडे बसण्याच्या वेळेत तो आतून शिजेलच याची खात्री नसते.

पाव आणि भाजी : बिघाड इथेच होतो

कॅसरोल फसतो तो बहुतेक वेळा ओल्या पावामुळे किंवा पाणी सोडणाऱ्या भाजीमुळे फसतो, अंड्यांचा त्यात फारसा दोष नसतो. ताज्या पावात आधीच ओलावा असतो, त्यामुळे तो अंड्याचे मिश्रण पुरते शोषत नाही आणि भाजल्यावर आतून लगद्यासारखा लागतो. कोरडा पाव मिश्रण आतपर्यंत ओढून घेतो आणि तरी आकार धरून ठेवतो. म्हणून लादीपाव आदल्या दिवशीच आणावा, त्याचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करावेत आणि कोपरात (परातीत) पसरून, वर पातळ फडके बांधून, दोन-तीन तास उन्हात ठेवावेत. विदर्भाच्या उन्हाला या कामात ओव्हनची बरोबरी करता येते. पावसाळी हवा असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर सराट्याने (उलथन्याने) हलवत ते कडक करावेत. बोटाने दाबल्यावर तुकडा दबला नाही, मोडला, म्हणजे तो तयार झाला. स्लाइस ब्रेडही चालतो. बेकरीत मिळणारे टोस्ट बहुधा गोड आणि वेलचीच्या वासाचे असतात, ते या कामाचे नाहीत. शिळ्या पोळीचे तुकडे भिजून चिवट होतात, आणि ज्वारीची भाकरी विरघळल्यासारखी होऊन तळाशी बसते. पाव मिळालाच नाही तर आलू हा चांगला पर्याय आहे. ५०० ग्रॅम आलू उकडून, पातळ चकत्या करून, तेलावर दोन्ही बाजूंनी लालसर करून पावाऐवजी थर द्यावा, आणि आलू दूध शोषत नसल्यामुळे दुधाचे प्रमाण निम्मे करावे.

भाजीच्या बाबतीत नियम एकच आहे : कच्ची भाजी थरात जाऊ नये. पालक, मशरूम, टमाटर, कोबी या सगळ्यांत भरपूर पाणी असते. मीठ आणि उष्णता लागताच ते बाहेर पडते आणि अंड्याच्या खाली साचते. सोले आधी मीठ घातलेल्या पाण्यात मऊ उकडून निथळून घ्यावेत. कढईत तेल तापवून कांदा सोनेरी होईपर्यंत परतावा, त्यात ठेचलेले आले, लसूण आणि हिरवी मिरची घालावी, मग ढोबळी मिरची, आणि शेवटी चिरलेला पालक घालून, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर सगळे पाणी आटवावे. झाकण ठेवले की वाफ परत भाजीतच उतरते. सोले, अर्धा चमचा मीठ आणि हळद घालून दोन मिनिटे परतून भाजी ताटात पसरून गार करावी. ताट तिरपे केले असता पाणी वाहू नये. वाहिलेच, तर भाजी पुन्हा कढईत टाकावी. टमाटर हवेच असेल तर बिया काढून त्याच्या चकत्या फक्त सर्वांत वर, भाजायला ठेवण्याच्या क्षणी लावाव्यात. हिवाळ्यात सोल्यांऐवजी ओला हरभरा, मेथी किंवा पातीचा कांदा वापरता येतो. मेथी वापरल्यास ती पालकाच्या निम्मीच घ्यावी, कारण रात्रभर दुधात राहून तिचा कडवटपणा संपूर्ण पदार्थात उतरतो. वांगे मला यात आवडत नाही. सोले-वांग्याची जोडी रश्श्यातच शोभते, अंड्यात वांगे काळपट होते.

थर लावणे

अंडी, दूध, मिरी, तिखट आणि सपाट दीड लहान चमचा मीठ एकत्र करून पांढरे आणि पिवळे पूर्ण एकजीव होईपर्यंत फेटावे. फेस येईपर्यंत फेटण्याचे कारण नाही. जास्त हवा भरली की भाजताना कॅसरोल एकदम फुगतो आणि बाहेर काढल्यावर तितकाच खाली बसतो. मिश्रणाची चव कच्ची घेऊ नये. एक चमचा मिश्रण तव्यावर टाकून शिजवून खाऊन पाहावे, आणि पावात व चीजमध्येही मीठ असते हे लक्षात ठेवून ते किंचित अळणी लागले तर तसेच राहू द्यावे.

भांड्याला तळाशी आणि चारही कडांना लोणी लावून निम्मा पाव पसरावा, त्यावर सगळी भाजी, त्यावर निम्मे चीज आणि सांबार, मग उरलेला पाव. अंड्याचे मिश्रण मध्यभागी एकदम न ओतता, कडेकडेने हळूहळू ओतावे आणि सराट्याने वरचा पाव हलकेच दाबावा, म्हणजे प्रत्येक तुकडा एकदा तरी भिजतो. भांड्याची वरची दीड-दोन सेंटीमीटर जागा रिकामी राहिली पाहिजे. उरलेले चीज सकाळसाठी झाकून ठेवावे.

रात्रभर ठेवायचे भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या डब्यात कच्चे अंडे रात्रभर राहिल्यास त्याला करडी-हिरवट झाक येते आणि धातूची चव लागते. केक भाजण्याचा ॲल्युमिनियमचा डबाच तेवढा उपलब्ध असेल, तर त्यात आतून लोणी लावलेला बटर पेपर घालून थर लावावेत, किंवा सगळे स्टीलच्या डब्यात भिजवून सकाळी त्यात उलटवावे. थर थोडे विस्कटतात, खाणाऱ्याला ते कळत नाही. भांडे घट्ट झाकून फ्रिजच्या खालच्या भागात, मागच्या बाजूला ठेवावे. दारातल्या कप्प्याजवळ गारवा कमी असतो. किमान दोन तास आणि जास्तीत जास्त एक रात्र एवढाच मुक्काम ठेवावा. त्याहून अधिक भिजल्यास पाव विरघळू लागतो.

भाजणे

साडेदहाला वाढायचे असेल तर सव्वाआठला भांडे फ्रिजमधून काढावे आणि अर्धा तास बाहेर ठेवावे. काचेच्या भांड्याच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी, कारण गारठलेली काच एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की तडकू शकते. पावणेनऊच्या सुमारास वर उरलेले चीज पसरून भांडे १७५ अंशांवर तापवलेल्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये), खालच्या आणि वरच्या दोन्ही सळया सुरू ठेवून, मधल्या जाळीवर ठेवावे. पहिली पस्तीस मिनिटे वरून सैलसर फॉइल झाकावे आणि मग काढून टाकावे. एकूण पन्नास ते साठ मिनिटे लागतात. लहान ओटीजीमध्ये हे भांडे मावत नसेल तर मिश्रण दोन लहान डब्यांत विभागावे. प्रत्येकाला पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात.

गावात या हिशेबात व्होल्टेज आडवे येते. सळईची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील तर १५०० वॉटचा ओटीजी जेमतेम ९०० वॉटने तापतो. दिवा मिणमिणता दिसत असेल तर ओटीजी दहाऐवजी पंचवीस मिनिटे आधी तापवावा आणि भाजण्यासाठी वीस मिनिटे जास्त धरावीत. भाजणे चालू असताना वीज गेली तर दार उघडू नये. पंधरा-वीस मिनिटांत वीज परतली तर काही बिघडत नाही. ती परतण्याची चिन्हे नसतील तर भांडे ताबडतोब पुढे सांगितल्याप्रमाणे गॅसवर किंवा चुलीवर न्यावे. अर्धवट शिजलेला कॅसरोल दुपारपर्यंत तसाच ठेवून देण्याची चूक करू नये. काचेचे भांडे मात्र थेट गॅसवर किंवा निखाऱ्यावर चालत नाही, म्हणून विजेचा भरवसा नसलेल्या घराने सुरुवातीपासून स्टीलचेच भांडे घ्यावे.

गॅसवर भाजायला जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे, त्यात दोन बोटे कोरडी रेती किंवा जाडे मीठ पसरावे, वर अढणी (भांडे टेकवायची तिवई) ठेवावी आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवावे. प्रेशर कुकर शिटी आणि रबर काढून याच कामाला वापरला जातो. मला तो पसंत नाही, कारण कोरडा तापून तो लवकर खराब होतो आणि नेमकी डाळ शिजवायच्या दिवशी दगा देतो. पातेल्यात १८ सेंटीमीटरचा गोल डबा मावतो, म्हणून निम्म्या प्रमाणाचेच मिश्रण घ्यावे. आच मंद करून चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. झाकणाच्या आत सुती फडके बांधले तर वाफेचे थेंब कॅसरोलवर पडत नाहीत. फडक्याची टोके वर घेऊन मुठीला गाठवावीत, खाली लोंबू देऊ नयेत. वरचा भाग या रीतीने लाल होत नाही, तो तसाच फिकट वाढावा किंवा तुकडे कापून तव्यावर एक बाजू परतून घ्यावी.

चुलीवरचा कॅसरोल मात्र मला तिन्हींत सरस वाटतो. ज्यांनी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले आहेत, किंवा पळसाच्या पानांतले पानगे केले आहेत, त्यांना कोरड्या उष्णतेचा स्वभाव नव्याने शिकवावा लागत नाही. खालची आच पदार्थ करपवते, वरची आच त्याला रंग देते, हे त्यांना ठाऊक असते. बाभळीच्या लाकडाचे निखारे दीर्घकाळ धग धरतात, म्हणून तेच वापरावेत. गोवऱ्या वापरल्यास धूर पूर्ण थांबून त्या पांढऱ्या राखेने झाकल्या जाईपर्यंत वाट पाहावी, कारण दूध आणि अंडे धुराचा वास फार लवकर घेतात. जाड लोखंडी कढईत अढणीवर डबा ठेवावा, कढईवर सपाट लोखंडी तवा किंवा जाड पत्रा झाकावा, आणि निखाऱ्यांचा एक भाग खाली तर दोन भाग वर ठेवावेत. अर्धा तास झाकण उघडू नये. त्यानंतर झाकण सरळ वर उचलून पाहावे, म्हणजे राख आत पडत नाही. कडा सुटू लागल्या असतील आणि मध्यभाग ओला असेल तर खालचे निखारे ओढून घ्यावेत आणि वरचेच राहू द्यावेत. साधारण पाऊण तासात कॅसरोल होतो, मात्र निखारे घड्याळ पाहून जळत नाहीत, त्यामुळे निर्णय खुणेवरून घ्यावा.

शिजल्याची खूण आणि वाढणे

भांडे हलवले असता कडा स्थिर राहतात आणि मधला तळहाताएवढा भाग किंचित थरथरतो, पण लाटेसारखा हलत नाही, ही पहिली खूण. मध्यभागी पातळ सुरी घातली असता ती ओलसर पण स्वच्छ निघते, तिच्यावर दुधाळ मिश्रण लागत नाही, ही दुसरी. अन्नाचा तापमापक असेल तर मध्यभागी ७४ अंश तापमान पाहावे, आणि तेवढे झाल्यावर थांबावे. ८५ अंशांच्या पुढे गेल्यास अंड्यातील प्रथिने आवळून धरलेले पाणी बाहेर टाकतात, आणि कॅसरोल छिद्रछिद्रांचा, रबरासारखा होऊन तळाशी पाणी साचते. फार वेळ तापात राहिल्यास अंड्याला हिरवट छटाही येते. पिवळ्या भागातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक एकत्र आल्याचा तो परिणाम असतो, त्यात अपाय नसतो, परंतु पाहुण्यांपुढे ठेवायला ते बरे दिसत नाही.

बाहेर काढल्यावर कॅसरोल थोडा खाली बसेल, आतली वाफ निघून जाते म्हणून तसे होते. दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच तो कापावा, एरवी तुकडे मोडतात. उशिरा उठणाऱ्यांसाठी तुकडे पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवता येतात, मात्र तासाभराच्या आतच. सोबत लसणाचा ठेचा आणि टमाटरची आंबटगोड चटणी पुरेशी आहे. संत्र्यांचा हंगाम असेल तर सोललेल्या फोडी मध्ये ठेवाव्यात, चीज आणि अंड्याच्या जडपणावर तो उत्तम उतारा आहे. दह्याचा रायता मला यासोबत अनावश्यक वाटतो.

उरलेले तुकडे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले आणि फ्रिज नीट चालत असला तर तीन दिवस चांगले राहतात. खाताना जाड तव्यावर थोडे लोणी सोडून, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आतपर्यंत वाफाळेस्तोवर गरम करावेत, आणि गरम केलेला तुकडा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये. शेतावर डबा न्यायचा असेल तर हिवाळ्यातही तो दोन तासांत संपेल एवढाच न्यावा. उन्हाळ्यात नेऊच नये.